बुलेटचा सायलेन्सर घरी बदलायचा असेल तर

सायलेन्सर बदलायला मेकॅनिककडे कशाला जायचं हे मला खरंच कळत नाही. माझी क्लासिक ३५० म्हणजे २०१४ची, कार्बोरेटरवाली, ऑक्सिजन सेन्सर वगैरे भानगडच नाही, त्यामुळे सॉकेट सेट आणि पार्किंगमध्ये थोडी सावली मिळाली की काम होतं. बीएस६वाल्यांनी, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांच्या गाडीवाल्यांनी, मात्र जरा दमानं घ्या, तुमच्या पाइपात सेन्सर आहे.

पुण्यात नाना पेठेत दुकानदार आधी 'पंजाब', मग 'इंदोरी' नावाचे सायलेन्सर पुढे करतो. पंजाबात डोळा लावून बघा, या टोकापासून त्या टोकाला सरळ उजेड दिसतो, म्हणजे आत काहीच नाही. मला ग्लासवूलवाली (आत आवाज शोषणारी काचेची लोकर असलेली) शॉर्ट बॉटल, म्हणजे आखूड सायलेन्सर, हवी होती, आवाज खर्जातला पण सोसायटीच्या गेटवर वॉचमन उठून उभा राहणार नाही असा.

माझा बेंड पाइपही (इंजिनपासून सायलेन्सरपर्यंतचा वाकडा पाइप) सडला होता म्हणून तोही काढला, आणि खरी मेहनत तिथेच आहे. हेडजवळचे, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाजवळचे, नट वर्षानुवर्षं तापून तापून स्टडला (हेडमध्ये बसवलेल्या आटेवाल्या दांड्याला) चिकटलेले असतात. आदल्या रात्री डब्ल्यूडी-४० हा गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवायचा, सकाळी गार इंजिनवरच काम करायचं, आणि नट कुरकुरायला लागला की जोर न लावता थोडा सैल, परत थोडा घट्ट, परत स्प्रे असं करत करत बाहेर आणायचा. पान्यावर पाय देऊन उभे राहणारे महाभाग असतात, स्टड तुटला की मग हेड घेऊन लेथवाल्याकडे फेऱ्या मारतात.

नवीन बसवताना गॅस्केट (जॉइंटमधली सील) नवीनच टाका, जुनी एकदा दबली की परत नीट बसत नाही. सगळे नटबोल्ट आधी हातानेच लावा, पाइप, क्लॅम्प, मागचं ब्रॅकेट सगळं आपापल्या जागी आलं की मग हेडकडून मागे आवळत जा. आधीच मागचं आवळलं तर पाइप तणावात राहतो आणि पुढे ब्रॅकेट तडकतं. स्टार्ट करायच्या आधी क्रोमचा पाइप थिनरने पुसून घ्या, नाहीतर तेलकट बोटांचे ठसे भाजून कायमचे उमटतात.

आता ते फटाके. थ्रॉटल सोडला की फट्‌ फट्‌ वाजतं त्याला पोरं 'काय भारी आवाज' म्हणतात, अरे बाबा बहुतेक वेळा तो लीक असतो, जॉइंटमधून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि न जळलेलं पेट्रोल पाइपात पेटतं. साबणाचं पाणी जॉइंटवर टाका, इंजिन चालू करा, बुडबुडे आले की सापडला. जॉइंट तापायच्या आत बघा म्हणजे झालं. लीक नसेल तर मिक्श्चर लीन आहे, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय, मग कार्बोरेटरकडे बघायचं. पहिल्या एकदोन राइडनंतर नट परत आवळायचे, गरम होऊन गार झाले की थोडे सैल पडतातच.

कायद्याचं पण सांगतो. माझ्या गाडीच्या वेळी १७५ सीसीच्या वर कंपनीलाच ८० डेसिबलची मर्यादा होती, आणि मोटार वाहन कायद्याच्या १९०(२) कलमात १० हजारांपर्यंत दंड आणि ३ महिने लायसन्स जायची सोय आहे. पोलीस जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवतात ते फोटो बघितले असतीलच. म्हणून डीबी किलर (टोकाला बसवलेला आवाज कमी करणारा तुकडा) काढू नका आणि ओरिजिनल सायलेन्सर माळ्यावर राहू द्या, भंगारवाल्याला देऊ नका.

आणि ग्लासवूल जन्मभर टिकत नाही, हळूहळू जळून उडून जातं. आवाज पत्र्यासारखा यायला लागला की रिव्हेट ड्रिल करून नवीन वूल भरायचं, घेताना शेवटची टोपी उघडणारी आहे का तेवढं बघून घ्या.