मावा आला, ढालकिडा येईपर्यंत

बागेतली फवारणी बंद केली तेव्हा वाटलं होतं, पंधरवड्यात फुलपाखरं येतील. आला तो मावा. गुलाबाचे कोवळे शेंडे हिरव्या किड्यांनी भरून गेले. माव्याची मादी नराशिवायच थेट पिल्लं घालते, त्यामुळे आज दहा दिसले तर आठवड्याभरात शेंडाच दिसेनासा होतो. त्याला खाणारे कीटक मात्र खाणं भरपूर झाल्यावरच येतात. हा मधला काळ फार कठीण गेला. दोनदा औषधाचा पंप हातात घेतला, दोनदा परत ठेवला. शेवटी नुसत्या पाण्याची धार मारून शेंडे धुतले.

मग पानांवर काळपट, लांबट, नारिंगी ठिपक्यांचे किडे दिसू लागले, चिमुकल्या मगरीसारखे. नवी कीड समजून मी सात-आठ चिरडले. पुढचा चिरडण्याआधी भिंग लावलं, तर त्याच्या तोंडात मावा! ती ढालकिड्याची, म्हणजे ठिपक्यांच्या लेडीबर्ड बीटलची, अळी होती. अशी एकेक अळी मोठी होईपर्यंत शेकडो मावे फस्त करते. ज्यांची वाट पाहत होतो त्यांनाच मारलं, ही टोचणी अजून जात नाही. तेव्हापासून ओळख पटल्याशिवाय कशालाही हात लावत नाही.

बाकीची कामं एका सुट्टीत उरकली. पाला झाडाखालीच राहू दिला, पसरट ताटलीत खडे घालून पाणी ठेवलं (ते एक दिवसाआड बदलायचं, नाहीतर डास होतात), आणि एक कोपरा उघड्या मातीचा सोडला, कारण एकट्या राहणाऱ्या कितीतरी मधमाश्या जमिनीतच घर करतात. बांबूचे वीतभर पोकळ तुकडे जुडी करून भिंतीला बांधले.

काही महिन्यांनी गुलाबाच्या पानांना गोल काप दिसले, कात्रीने कापावेत तसे सुबक. आणि एका सकाळी एक मधमाशी तशीच हिरवी चकती पोटाखाली धरून बांबूच्या भोकात शिरली. त्या चकत्यांच्या कप्प्यांत ती अंडी घालते. पान खराब झालं असं मला तरी वाटत नाही.

काल लिंबोणीच्या पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काहीतरी होतं. काडीने हलकेच स्पर्श केला, तर डोक्यामागून नारिंगी, दुहेरी शिंग बाहेर आलं आणि उग्र वास सुटला. फुलपाखराची अळी! एकूण तीन आहेत. रोप लहान आहे, पानं पुरणार नाहीत. शेजारी दुसरं लावलंय.