टाउंगूहून नेवाळीला

कल्याणजवळच्या नेवाळीच्या जुन्या धावपट्टीवर झाडं उभी होती, आणि झाडांच्या मधोमध लाल छपरांची घरं. खरी नव्हेत, सिम्युलेटरने, म्हणजे संगणकावर विमान उडवायच्या खेळाने लावलेली. उपग्रहाच्या चित्रात काही हिरवट-करडं दिसलं की संगणक अंदाजाने तिथे झाडी पेरतो, घरं बसवतो. याला ऑटोजेन म्हणतात. हजार फुटांवरून ते पाहिलं आणि मला मनापासून राग आला. त्याच्या थोडे दिवस आधी आम्ही इंग्लंडमधल्या डक्सफर्डला उतरलो होतो. तिथे कुणा हौशी माणसाने हँगरच्या सरकत्या दारांचे रूळसुद्धा जिथल्या तिथे दाखवले होते.

आम्ही म्हणजे मी आणि माझा भाचा. मी ठाण्यात नौपाड्याला, तो नेरूळला. त्याच्या खोलीत तीन स्क्रीन, विमानाच्या सुकाणूसारखं योक, पायाशी विमानाचं शेपूट वळवणारं रडर पेडल. रविवारी सकाळची ठाणे-नेरूळ लोकल मला फार आवडते. खिडकी मिळते, ढकलाढकली नसते आणि गाडीत बसून वाचून होतं. बहीण आधी जेवायला वाढते आणि मगच आम्हाला त्या खोलीत जाऊ देते, त्यामुळे आमची विमानं कायम दुपारचीच.

दुसऱ्या महायुद्धातल्या हवाई तळांवरचे आमचे इंग्लंडमधले रविवार डक्सफर्ड, बिगिन हिल, टँगमियर, हॉकिंज असे भराभर सरले. ऑगस्ट १९३८ मध्ये ब्रिटिश हवाई दलाच्या १९ नंबरच्या स्क्वाड्रनला पहिली स्पिटफायर लढाऊ विमानं मिळाली ती डक्सफर्डलाच, म्हणून सुरुवात तिथून केली. पण मला त्या सजवलेल्या तळांपेक्षा लिंकनशायरची शेतं जास्त आवडली. बाँबरसाठी युद्धात बांधलेल्या तळांचा एक ठरलेला नमुना होता: एकमेकींना छेदणाऱ्या तीन धावपट्ट्या, मुख्य २,००० यार्डांची, बाकीच्या दोन १,४०० यार्डांच्या. आज त्यातल्या कितीतरी जागी पुन्हा शेती होते, पण वरून पाहिलं की पिकात ती तिरकी अक्षरं अजून उमटलेली असतात. भाच्याने तर सिनरी, म्हणजे हौशी लोकांनी बनवलेला त्या जागेचा देखावा, न टाकता नुसत्या उपग्रहचित्रावरून पाच-सहा तळ ओळखले.

मग मी म्हटलं, आता आपल्या बाजूला चल. तो म्हणाला, "मावशी, आपल्या बाजूला काय आहे?" त्याला हे ठाऊक नसणं मला टोचलं. त्याचा दोष नाही. शाळेत दुसरं महायुद्ध शिकताना मुलं लंडन, बर्लिन, हिरोशिमा फिरून येतात, ब्रह्मदेशाचं नाव एखाद्या वाक्यात येऊन जातं.

तर ब्रह्मदेश. १९४१ मध्ये भारतीय हवाई दलाच्या १ नंबरच्या स्क्वाड्रनला लायसँडर विमानं मिळाली. ती बाराच्या बारा मुंबईच्या युद्धनिधीतून भेट दिलेली होती. उंचावर बसवलेले पंख, आत न जाणारी चाकं, चाकांवर लांबट टोप. हे लढाऊ विमान नव्हेच, सैन्याला वरून पाहून खबर देणारं, छोट्याशा माळावरून उडणारं. फेब्रुवारी १९४२ च्या सुरुवातीला ही स्क्वाड्रन टाउंगूला पोचली आणि बूड टेकतंय तोच जपानी विमानांनी तळावर हल्ला केला. स्क्वाड्रन लीडर करुण कृष्ण मजुमदार, सगळे त्यांना 'जंबो' म्हणत. त्यांनी लायसँडरला बाँब लावले आणि उलट थायलंडमधल्या माए हाँग सोनच्या जपानी तळावर गेले. आपल्या स्क्वाड्रनचं एकच विमान, सोबतीला रॉयल एअर फोर्सची दोन बफेलो लढाऊ विमानं. अगदी कमी उंचीवरून उडत जाऊन त्यांनी हँगर उडवलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या स्क्वाड्रनला घेऊन परत गेले.

हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण सिम्युलेटरमध्ये लायसँडरचं ॲड-ऑन, म्हणजे वेगळं जोडायचं विमान, टाकून टाउंगूहून पूर्वेकडे वळलो तेव्हा पहिल्यांदा कळलं की हे काय आहे. अंतर जेमतेम १६५ किलोमीटर. सितांग नदीचं सपाट खोरं मागे पडलं की लगेच डोंगर चढायला लागतात, रांगेमागून रांग, आणि खाली उतरायला हातभर मोकळी जागा नाही. मग साल्विन नदी खोल घळीत दिसते, पुन्हा डोंगर. माए हाँग सोनची धावपट्टी चहूबाजूंनी डोंगर असलेल्या दरीच्या तळाशी आहे. विमान इतकं संथ की जमिनीवरच्या माणसाला पाहायला, नेम धरायला भरपूर वेळ मिळावा. भाचा एकदम गप्प झाला होता. दरीत शिरताना म्हणाला, "आणि यांना वर यायला पॉवर कुठे आहे?" तोच प्रश्न मजुमदारांपुढे असणार. त्या मोहिमेसाठी त्यांना डीएफसी हे शौर्यपदक मिळालं. फेब्रुवारी १९४५ मध्ये लाहोरला हवाई कसरती करताना विमान कोसळून ते गेले. तेव्हा ते जेमतेम तिशीचे होते. भाच्याने त्या दिवशी दुसरं उड्डाण केलं नाही.

नेवाळी त्याच्या पुढच्या रविवारी. जुहूहून उडालो, विहार तलाव, ऐरोलीजवळची खाडी, मुंब्र्याचा डोंगर, डोंबिवलीच्या इमारती, आणि डोळ्यांसमोर मलंगगड. सरळ रेषेत चाळीस किलोमीटरही नाही. ब्रिटिशांनी १९४२ मध्ये कल्याणजवळ विमानतळासाठी जमीन घेतली ती इथेच. सिम्युलेटरच्या यादीत तिला नाव नाही, कोड नाही, आणि धावपट्टीवर झाडं.

म्हणून प्रत्यक्ष गेलो. कल्याण पूर्वेहून मलंग रोडला शेअर रिक्षा मिळते. चौथा प्रवासी चालकाशेजारी अर्धा बाहेर, आणि अर्धवट काँक्रीट झालेल्या रस्त्यावर पावसाचं पाणी. गुडघ्यांचा त्रास असेल त्यांनी स्वतःची गाडी न्यावी, मात्र मग शिळफाट्याची वाहतूक कोंडी वाट्याला येते. त्या रस्त्याबद्दल माझ्याकडे एकही चांगला शब्द नाही.

जमीन नौदलाच्या ताब्यात आहे, भिंत आहे. आम्ही आत गेलो नाही, फोटो काढले नाहीत. नाक्याजवळच्या टपरीवर चहा घेतला. तिथे सत्तरीचे एक आजोबा बसले होते, त्यांनी कुठून आलात विचारलं. मला वाटलं होतं की ते विमानांबद्दल सांगतील. ते शेताबद्दल बोलले. इथे भात व्हायचं, भात निघालं की त्याच ओलीवर वाल. त्यांच्या आजोबांची जमीन युद्धात गेली, युद्ध संपलं की परत मिळेल असं घरात सगळे धरून चालले होते. घेतलेली जमीन एकूण १,६०० एकरांहून जास्त. जून २०१७ मध्ये ही जमीन परत मागणाऱ्या शेतकऱ्यांचं इथलं आंदोलन पेटलं, रस्त्यावर गाड्या जळाल्या, हे मी ठाण्यात बसून टीव्हीवर पाहिलं होतं, आणि तेव्हा माझ्या डोक्यात धावपट्टीचा विचारही आला नव्हता.

भाच्याने मोबाइलवर उपग्रहाचं चित्र उघडून त्यांच्यापुढे धरलं. आजोबांनी चष्मा लावला, बोटाने चित्र सरकवलं आणि विचारलं, "यात आमचं शेत कुठलं?" मग स्वतःच शोधायला लागले. नाक्यापासून ओढा धरला, ओढ्यावरून बांध. वडिलांनी लहानपणी त्यांना भिंतीबाहेरून दाखवला होता तो बांध. धावपट्टीच्या कडेला एका जागी बोट थांबलं. भाच्याने तिथे खूण केली. चहाचे पैसे त्यांनी देऊ दिले नाहीत. "आमच्या गावात आलात, ताई," एवढंच म्हणाले.

आता भाचा नेवाळीची सिनरी करतोय. ऑटोजेनची झाडं काढून टाकली, धावपट्टी मोजून आखली, मलंगगडाची उंचसखल नीट केली. आमचा वाद चालू आहे तो वर्षावरून. त्याला १९४४ हवं: धावपट्टी, तंबू, डाकोटा मालवाहू विमानं. मला १९४१ सुद्धा हवं आहे. तीच जमीन, बांधांसकट, भात उभं असलेली, आणि दोन्ही वर्षं एका बटणावर बदलता यावीत. बांध कुठून कुठे जात होते हे कळलं तर तो करायला तयार आहे. द्वारली, भाल, नेवाळी इथल्या कुणाच्या घरी जुना सातबारा, नकाशा किंवा १९४२ च्या आधीची हकीकत सांगणारं माणूस असेल, तर मला जरूर कळवा. मी येऊन भेटेन, भाच्यालाही घेऊन येईन.