वाचनालयाचं देबियन आणि खजिनदार काकांचा प्रश्न

आमचं वाचनालय बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं. निम्म्याहून जास्त पुस्तकं मराठी, बाकी कानडी, थोडी इंग्रजी. २०२० पासून देवघेव ‘कोहा’ या ग्रंथालयांसाठीच्या सॉफ्टवेअरवर चालते. न्यूझीलंडमधल्या एका ग्रामीण ग्रंथालयाने स्वतःच्या गरजेपोटी ही प्रणाली करून घेतली आणि २००० च्या जानेवारीत ती वापरात आली. कोहा मोफत, ते ज्या देबियनवर, म्हणजे संगणक चालवणाऱ्या मूळ प्रणालीवर, चालतं तेही मोफत. गावातल्याच एका मुलाने सगळं बसवून दिलं आणि तो नोकरीला पुण्याला गेला.

जून २०२४ मध्ये त्याचाच फोन आला. “अक्का, आपल्या देबियन १० ची मुदत ३० तारखेला संपायलीय. पुढं सुरक्षेचे अपडेट यायचे नाहीत.”

कार्यकारिणीपुढे विषय ठेवला. खजिनदार काका बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी विचारलं, “बिल नाही, कंपनी नाही, मग जबाबदार कोण? उद्या सभासदांचे फोन नंबर बाहेर गेले तर कुणाच्या दारात जायचं?” मला उत्तर देता आलं नाही. चार वर्षं मी ते मशीन रोज सुरू करत होते आणि त्याच्यामागे कोण आहे हे मला माहीत नव्हतं.

मग वाचत बसले. देबियन ही कंपनी नाही. १९९३ पासून जगभरचे स्वयंसेवक मिळून ते चालवतात. देणग्या आणि नावाचा ट्रेडमार्क सांभाळते ‘सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट’ ही न्यूयॉर्कमध्ये १९९७ साली नोंदवलेली ना-नफा संस्था. प्रत्येक आवृत्तीला साधारण तीन वर्षं देबियनचा मुख्य सुरक्षा गट सांभाळतो, त्यानंतरची दोनेक वर्षं ‘एलटीएस’ नावाचा वेगळा गट. जुन्या आवृत्तीतली भोकं बुजवत बसणं हे कंटाळवाणं काम, फुकट करायला कुणी सहज पुढे येत नाही. म्हणून फ्रान्समधली ‘फ्रेक्सियन’ ही कंपनी बऱ्याच कंपन्या आणि संस्थांकडून वर्गणी गोळा करते आणि देबियनच्याच माणसांना तासांच्या हिशेबाने त्याचे पैसे देते. झालेलं काम मात्र सगळ्यांना मोफत मिळतं. आमच्या देवघेवीच्या टेबलावरचं मशीन शेवटची दोन वर्षं अशा दुसऱ्यांच्या वर्गणीवर सुरक्षित होतं. हे कळल्यावर मला खरोखर भरून आलं.

पाच वर्षांनंतरही जुनीच आवृत्ती ठेवायची असेल तर तीच कंपनी दहा वर्षांपर्यंत विकतची सेवा देते. मशीनवर सॉफ्टवेअरची कोणकोणती पॅकेजेस आहेत त्या यादीवरून दर ठरतो. देबियनसारख्याच दुसऱ्या प्रणालीचं, उबुंटूचंही पाहिलं. त्यांची जास्त मुदतीची सेवा ‘उबुंटू प्रो’ वैयक्तिक वापराला पाच मशीनपर्यंत मोफत आहे, त्यापुढे वर्गणी. अशीच प्रणाली देणाऱ्या रेड हॅट कंपनीचा तर व्यवसायच वार्षिक वर्गणीवर उभा. काकांना हा मार्ग पटत होता, कारण हातात पावती येते. पण पुढची आवृत्ती मोफत तयार असताना जुनीसाठी मुदत विकत घेणं मला पटेना. तो पैसा इथे येऊन मशीन उघडणाऱ्या माणसाला द्यावा, असं मी मांडलं आणि ते मंजूर झालं. देबियनच्या संकेतस्थळावर पैसे घेऊन मदत करणाऱ्यांची देशवार यादी आहे, पण देबियन त्यांची हमी घेत नाही. आम्हाला पुण्याच्या मुलाच्या ओळखीतून टिळकवाडीचा एक तंत्रज्ञ मिळाला. दर आणि काम दोन्ही कागदावर लिहून घेतलं. जुलैपासून दिवाळीपर्यंत सर्व्हरची इंटरनेटची केबल काढून ठेवली. वाचनालयातल्या वाचनालयात देवघेव चालू राहिली.

दिवाळीच्या सुट्टीत काम काढलं. देबियनमध्ये एक आवृत्ती गाळून उडी मारता येत नाही. १० वरून ११, मग १२. आधी सगळ्याचा बॅकअप दोन हार्डडिस्कवर, एक माझ्या घरी. पहिल्याच पायरीला अडलो. ज्या फाइलमध्ये अपडेट कुठून घ्यायचे ते लिहिलेलं असतं, तिथे तंत्रज्ञाने ‘बस्टर’ (१० चं नाव) खोडून ‘बुलसाय’ (११ चं नाव) टाकलं. बाकी सगळं उतरलं, सुरक्षेच्या ओळीवर ४०४, म्हणजे त्या पत्त्यावर काही सापडत नाही. पाऊण तासाने उलगडलं. आवृत्ती ११ पासून त्या ओळीची मांडणीच बदललीय, ‘बुलसाय/अपडेट्स’ नाही, ‘बुलसाय-सिक्युरिटी’ लिहावं लागतं. १२ ला नेटवर्क कार्डच्या फर्मवेअरसाठी, म्हणजे ते कार्ड चालवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरसाठी, आणखी एक शब्द वाढवावा लागला. हे दोन्ही बदल देबियनच्या प्रकाशन-टिपणांत स्पष्ट दिलेले आहेत. ती टिपणं आधी वाचून काढा, एवढं मी प्रत्येकाला सांगते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कोहा उघडलं. शोधात ‘शेती’ टाकलं. शून्य पुस्तकं. ‘कविता’, शून्य. पोटात गोळा आला. तंत्रज्ञ म्हणाला, “अक्का, भिऊ नका, पुस्तकं हाईत की. सूची नव्यानं बांधायला पायजे.” एक आज्ञा दिली आणि पडद्यावर नोंदी सरकू लागल्या. चहा होईपर्यंत ‘शेती’ची पुस्तकं परत आली. मी कानडी लिपीतही एक शब्द टाकून पाहिला, तीही आली. बाजूच्या जुन्या संगणकावर नव्याने देबियन बसवताना भाषांच्या यादीत मराठी आणि कन्नड दोन्ही दिसल्या, तेव्हा काकांना मुद्दाम बोलावून दाखवलं.

वाचनालयाच्या पैशातून परदेशी देणगी नको, असं हिशेब तपासनीस म्हणाले. मग देबियनच्या देणग्या सांभाळणाऱ्या त्या ना-नफा संस्थेला मी माझ्या कार्डावरून थोडी रक्कम पाठवली. कार्डाचा परदेशी वापर बंद होता, तो आधी सुरू करून घ्यावा लागला. तंत्रज्ञाचं बिल वाचनालयाने दिलं. काकांनी किर्दीत वीजबिलाखाली नवं खातं उघडलं, ‘संगणक देखभाल, वार्षिक’. आणि समासात लाल शाईने लिहिलं : देबियन १२, मुदत ३० जून २०२८.