द्राक्षाची साल, हळद आणि एक दूरदेशीचा विषाणू

छाटणी होऊन महिना उलटला होता आणि परतीच्या पावसाने द्राक्षबागेत डावणी हा बुरशीचा रोग आणला होता. दिंडोरीकडे राहणाऱ्या मेहुण्याने एक पान तोडून मला उलटसुलट करून दाखवले. वरच्या बाजूला तेलकट पिवळा डाग होता आणि नेमकी त्याच्याच मागे कापसासारखी पांढरी बुरशी. पान तसेच हातात धरून त्याने विचारले, ‘‘दाजी, विषाणूमुळे होणाऱ्या ब्लड कॅन्सरवर द्राक्षाच्या सालीत औषध सापडलंय म्हणे. मेसेज फिरतोय. खरं का?’’ उभा जन्म रसायनशास्त्र शिकवण्यात गेल्यामुळे अशा प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणे मला जमत नाही. बांधावर जे सांगायचे राहिले, ते इथे लिहितो आहे.

रक्ताचे बहुतेक कर्करोग विषाणूमुळे होत नाहीत, हे आधी सांगितले पाहिजे. मेसेजमधला विषाणू म्हणजे एचटीएलव्ही-१. त्याच्यामुळे होणाऱ्या, प्रौढांमधील टी-पेशींच्या (एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींच्या) ल्युकेमियाचे, म्हणजे ब्लड कॅन्सरचे, वर्णन ताकात्सुकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानमध्ये १९७७ साली केले. त्यांच्या रुग्णांपैकी बरेचसे क्युशू बेटाकडचे होते. पुढे १९८० मध्ये अमेरिकेत रॉबर्ट गॅलो यांच्या प्रयोगशाळेने हा विषाणू वेगळा केला. तो आईच्या दुधातून, शरीरसंबंधातून आणि रक्तातून पसरतो आणि अनेक दशके गप्प बसून राहतो. लागण झालेल्या शंभरांपैकी साधारण पाच किंवा त्याहून कमी जणांनाच पुढे ल्युकेमिया होतो. या विषाणूचे ‘टॅक्स’ नावाचे प्रथिन टी-पेशीला वाढण्याचा इशारा देणारा एनएफ-काप्पा-बी हा नळ जणू उघडाच ठेवते. मरायला हवी ती पेशी मग मरत नाही, उलट वाढत सुटते.

स्वयंपाकघरातले पदार्थ या गोष्टीत शिरतात ते याच नळापाशी. हळदीतील कुर्क्युमिन, हिरव्या चहातील ईजीसीजी, द्राक्षाच्या सालीतील रेझव्हेरॅट्रॉल आणि जपानच्या ओकिनावा बेटावरील ‘मोझुकू’ या समुद्रशेवाळातील फ्युकॉयडन या सर्वांनी प्रयोगशाळेत विषाणूग्रस्त टी-पेशींची वाढ रोखलेली आहे. ओकिनावात हा विषाणूही आहे आणि मोझुकू तिथे रोजच्या जेवणातही असते, त्यामुळे तिथल्याच संशोधकांनी त्याचा पाठपुरावा करावा, हे मला फार स्वाभाविक वाटते. हिरव्या चहाबाबत तर गोष्ट काचपात्राच्या बाहेरही थोडी गेली. जपानमध्ये विषाणू बाळगणाऱ्या, पण निरोगी असलेल्या काही लोकांना पाच महिने चहाच्या अर्काच्या कॅप्सूल देण्यात आल्या आणि त्यांच्या रक्तातील विषाणूचा भार घटल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले. मात्र ती ल्युकेमियावरची चाचणी नव्हती. भार घटणे आणि रोग बरा होणे यांतले अंतर मेसेज लिहिणाऱ्याने एका उडीत पार केले आहे.

खरी अडचण मात्रेची आहे. काचपात्रातील पेशींना कुर्क्युमिन बहुधा लिटरमागे दहा मायक्रोमोल (रेणूंची संख्या मोजण्याचे एकक) किंवा त्याहून अधिक प्रमाणात दिले जाते. रोज ८ ग्रॅम कुर्क्युमिन गिळणाऱ्या रुग्णांच्या रक्तात मात्र त्याची पातळी दोन मायक्रोमोलच्या आसपासच राहिली, कारण आतडे आणि यकृत त्याची झटपट विल्हेवाट लावतात. हळदीत कुर्क्युमिन असते जेमतेम तीन टक्के, म्हणजे चहाच्या चमच्याभर हळदीत सुमारे शंभर मिलिग्रॅम. भाजीत आपण चिमूटभर टाकतो, ती गोष्ट वेगळीच. मिरीतील पिपरीनमुळे शोषण वीसपट वाढल्याचे १९९८ साली बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवले, हे खरे आहे. पण पिपरीन ज्या वाटेने यकृताचे काम मंदावते, त्याच वाटेने चालू असलेल्या इतर औषधांची रक्तातली पातळीही वर चढू शकते. हिरव्या चहाचे तर आणखी विचित्र आहे. मायलोमा या रक्ताच्या दुसऱ्या कर्करोगावरील बोर्टेझोमिब या औषधाला त्यातला ईजीसीजी घट्ट बिलगतो आणि निकामी करतो, असे २००९ साली पेशींवर आणि उंदरांवर दिसून आले. ‘नैसर्गिक आहे, अपाय तर होणार नाही ना?’ असे विचारणाऱ्या आमच्या आत्याला मी हेच उदाहरण दिले आणि उपचार चालू असताना कोणतीही कॅप्सूल आधी डॉक्टरांना दाखवायला सांगितले.

रेझव्हेरॅट्रॉल आतड्यातून चांगले शोषले जाते, परंतु काही मिनिटांतच त्याचे रूप पालटते आणि मूळ रूपात ते रक्तात नाममात्र उरते. शिवाय वाइनच्या लिटरभरातही ते अवघे काही मिलिग्रॅम असते. म्हणून नाशिकच्या वाइनरीला औषधांचा कारखाना समजण्याचे काही कारण नाही.

वेल हे द्रव्य बनवते कशासाठी, एवढे मात्र मी मेहुण्याला तिथेच सांगितले होते. बुरशीने हल्ला केला किंवा अतिनील किरणांचा मारा झाला, की वेल स्वतःच्या बचावासाठी ते तयार करते. माणसाच्या ल्युकेमियाशी तिला काही देणेघेणे नाही. तो हातातल्या डागाळलेल्या पानाकडे पाहत म्हणाला, ‘‘म्हणजे डावणी पडलेल्या बागेत तुमचं औषध जास्त? मग फवारणी थांबवू का?’’ आणि हसत हसत ब्लोअर सुरू करायला निघून गेला.