तळहातावरचा देव, बस्तीतला देव आणि २.७ केल्व्हिन

'सगळे देव एकच' हे वाक्य बेळगावकडच्या प्रवचनांत हमखास येतं. हल्ली त्याला 'विज्ञानही हेच सांगतं' अशी शेपटी जोडलेली असते. ते मान्य करण्याआधी देव म्हणजे कोण काय समजतंय हे पाहावं. तीन प्रश्न पुरतात. त्याने जग निर्माण केलं का? तो जगाहून वेगळा आहे का? हाक मारली तर ऐकतो का?

बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, घ्या. रट्ट राजांच्या काळातली, १२०४ ची, गाभाऱ्यात तीर्थंकर नेमिनाथ. इथे पहिलं उत्तर सरळ 'नाही'. जैन मतात विश्व अनादि आहे, त्याला कर्ता लागत नाही. नवव्या शतकात जैन आचार्य जिनसेनांनी महापुराणात विचारलं होतं की, देव परिपूर्ण असेल तर जग घडवायची इच्छा त्याला झालीच कशी? तीर्थंकर वीतराग, म्हणजे राग-लोभ सुटलेले, म्हणून नवसाला पावणं त्यांच्याकडे नाही. पूजेत चढवलेले तांदूळ आणि फळं प्रसाद म्हणून परत घेत नाहीत. देणाऱ्याचा मोह सुटावा, एवढाच हेतू. (अभिषेकाचं गंधोदक मात्र कपाळी लावतात.) याला नास्तिकपणा म्हणणारे कर्ता आणि देवत्व यांची गल्लत करतात.

लिंगायत घरात पूजेच्या वेळी देव डाव्या तळहातावर असतो. इष्टलिंग, म्हणजे अंगावर बाळगायचं छोटं लिंग, एरवी उतरवायचं नाही, मधे पुजारी नको. देव वेगळा का, याचं इथलं उत्तर पायरीनुसार बदलतं: भक्त, महेश, प्रसादी, प्राणलिंगी, शरण आणि शेवटी ऐक्य. तिथे वेगळेपण संपतं. द्वैतवादी मध्वाचार्यांच्या पंचभेदात (देव, जीव आणि जड यांच्यातले पाच कायमचे भेद) ते मोक्षातही संपत नाही, जीव जीवच राहतो. आणि आषाढीला पायी निघालेल्या वारकऱ्याला तिसरा प्रश्न विचारूच नये. विठोबा ऐकतो, म्हणून तर चालायचं.

ख्रिस्ती ईश्वरशास्त्रात सर्वांत जास्त गैरसमज 'निर्मिती' या शब्दाचा होतो. मध्वांच्याच तेराव्या शतकातले ख्रिस्ती ईश्वरशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनस म्हणतात की, जगाला आरंभ होता हे श्रद्धेने मानावं, तर्काने सिद्ध करता येत नाही. जग अनादि असतं तरी ते क्षणोक्षणी देवावर अवलंबून राहिलं असतं. निर्मिती म्हणजे हे अवलंबून असणं. त्यामुळे महास्फोटाने (बिग बँगने) बायबल खरं ठरलं, असं अक्वायनस म्हणाले नसते. त्या सिद्धांताचा पाया घालणारे जॉर्ज लमेत्र स्वतः धर्मगुरू होते. १९५१ मध्ये पोपनी तसा सूर लावला, तो लमेत्रांना मुळीच रुचला नाही.

आपल्याकडची चूक वेगळी: 'ऊर्जा नष्ट होत नाही, म्हणजेच आत्मा अमर.' हे गणितात मोडतं. विश्व साधारण ३,८०,००० वर्षांचं असताना सुटलेला प्रकाश तेव्हा सुमारे ३००० केल्व्हिन (तापमानाचं एकक) तापमानाचा होता. आज तो २.७ केल्व्हिनवर आला आहे. अवकाश ताणलं गेलं, तशी त्याची तरंगलांबी वाढली आणि प्रत्येक फोटॉनची, म्हणजे प्रकाशकणाची, ऊर्जा जवळपास अकराशे पटींनी घटली. ती दुसरीकडे कुठे साठलेली नाही. प्रसरणाऱ्या विश्वात एकूण ऊर्जेचा शाळेतला हिशेब लागूच होत नाही. आत्म्याला ऊर्जा म्हणाल, तर तोही असाच झिजेल. गीतेतला आत्मा मोजता येणारी राशी नाही, आणि तिथेच त्याचं बळ आहे.

'निरीक्षक' या शब्दाचीही तीच गत. पुंज-यांत्रिकीत (क्वांटम मेकॅनिक्समध्ये) निरीक्षण करायला पडदा, कण टिपणारं यंत्र किंवा वाटेत भेटलेला हवेचा रेणूही पुरतो. वेदान्तातला साक्षी, म्हणजे सगळं पाहणारं चैतन्य, त्याच्या जागी बसवला की दोन्ही विषय बिघडतात.

आइन्स्टाइनने १९२९ मध्ये आपण तत्त्वज्ञ स्पिनोझाचा देव मानतो असं तारेने कळवलं होतं: अस्तित्वाच्या सुसूत्र रचनेत दिसणारा, माणसांच्या नशिबात आणि कृत्यांत लक्ष न घालणारा. तिसऱ्या प्रश्नापुरता तो पंढरपूरपेक्षा कमल बस्तीच्या जवळ बसतो. फरक इतकाच की बस्तीत कर्माचा हिशेब आहे, सिद्धशिला, म्हणजे मुक्त जीवांचं स्थान, आहे. त्याच्याकडे दोन्ही नाहीत.