पंधरा दिवसांपूर्वी आजी काय करत होत्या?

होळी होऊन आठवडा झाला होता. २०२३ चा मार्च. लोकांचे कूलर अजून माळ्यावरच होते, पण नागपुरात धंतोलीतल्या आमच्या दवाखान्यात एच३एन२ फ्लूचे पेशंट एकामागून एक येत होते. आयसीयूत एकच खाट रिकामी. सकाळी साडेदहाला रेसिडेंट डॉक्टरनं माझ्यापुढे कागद धरला. वय ८१, स्त्री. दोन दिवस खोकला, काल मोरीत पडल्या, ऑक्सिजन ८६, असंबद्ध बडबड, अंथरुणातच सगळं. सीएफएस ७.

"मॅडम, वॉर्डातच ठेवू. आयसीयूचा फायदा व्हायचा नाही."

सीएफएस म्हणजे क्लिनिकल फ्रेल्टी स्केल. कॅनडातल्या डॉक्टरांनी २००५ मध्ये मांडलेली पट्टी. आता ती १ ते ९ आहे. १ म्हणजे ठणठणीत, ७ म्हणजे अंघोळ-कपड्यांसकट सगळं दुसऱ्याच्या हातून. घरची माणसं 'आता थकले बाबा' म्हणतात ना, त्या थकण्याचं हे माप. कोविडच्या पहिल्या लाटेत ब्रिटन आणि इटलीतल्या ११ रुग्णालयांतल्या १५६४ पेशंटचा अभ्यास झाला. कोण वाचेल आणि कोण नाही, याचा अंदाज वयापेक्षा आणि जोडीच्या आजारांपेक्षा या थकलेपणावरून जास्त बरोबर येतो, असं त्यात निघालं. तेव्हापासून हा आकडा आमच्याकडेही केसपेपरवर यायला लागला.

सही करायला पेन काढलं होतं. तरी एकदा बघून येऊ म्हणून गेले.

आजी डोळे मिटून पुटपुटत होत्या. मी कान जवळ नेला. "वीसले दोन... घे ना बाई, ताजी आहे." मग हवेतच काहीतरी गुंडाळल्यासारखी बोटं फिरली. सलाइन न लावलेला हात हातात घेतला, तर अंगठ्याच्या पेरावर काळपट हिरवी भेग. साबणानं न जाणारी.

"माय काय करते?" मी मुलाला विचारलं.

"मेथी-पालक विकते जी. गोकुळपेठेत. परवा-परवापर्यंत बसत होती. पहाटे कॉटन मार्केटातून माल आणायला पण माझ्यासंगं यायची."

आकडा आजच्या अवस्थेवरून द्यायचा नसतो. आजारी पडण्याच्या दोन आठवडे आधी माणूस कसा होता, ते विचारायचं असतं. पट्टीच्या सूचनांतच ते लिहिलेलं आहे. रेसिडेंटला हे नीट सांगणं माझं काम होतं, ते मी केलं नव्हतं. ८६ ऑक्सिजनवर विशीतलं पोरगंसुद्धा अंथरुणातच पडून राहील. आजींची बडबड म्हणजे डिलिरियम होता, आजारपणात अचानक होणारा भ्रम. ताप फक्त ९९.२, म्हणून घरच्यांनी फ्लू धरलाच नव्हता. म्हातारपणी ताप असा दगा देतो, चढतच नाही. नुसतं पडणं आणि भ्रम, हीच कधीकधी फ्लूची पहिली खूण असते.

७ खोडून ३ केला. खाट आजींना मिळाली.

जाता जाता एक सांगते. ही पट्टी आपल्या घरांत वापरताना जपून. स्वयंपाक स्वतः करतात का, पैशांचे व्यवहार स्वतः बघतात का, असं विचारलं तर आपल्याकडचे अर्धे आजोबा तिथंच नापास. त्यांनी जन्मात चहा केलेला नसतो. आणि आजींना सून ओट्याजवळ फिरकू देत नाही. जमत नाही की करू देत नाही, हे खोदून विचारावं लागतं.

असं सगळं मला कळतं, आणि त्याच सकाळी, आजींच्याही आधी, मी दुसरी चूक करून बसले होते.

एक काका. वय ६६, कचेरीतून निवृत्त. ताप १०१, ऑक्सिजन ९४, गप्पिष्ट. बीपीची एक गोळी, शुगर नाही. तपासताना पट्टा सैल केला, तर त्याला खिळ्यानं पाडलेली दोन नवी भोकं होती. वेडीवाकडी, एकाच्या कडेचं रेक्झिन फाटलेलं. मला ती दिसली. 'बारीक झालेत' एवढंच मनात आलं. दोन मिनिटांत 'स्थिर' लिहून वॉर्डात पाठवलं. सीएफएसचा रकाना कोराच.

संध्याकाळी सिस्टर म्हणाली, "मॅडम, काकांना खुर्चीतून एकट्यानं उठता येत नाही."

काकूंना विचारलं. दिवाळीपासून त्यांना स्टुलावर बसवून त्याच अंघोळ घालत होत्या. जिना बंद, पेपर आणायला खाली जाणं बंद.

"सकाळी काहून नाही सांगितलं काकू?"

"तुम्ही आजार विचारले जी. हे काय आजार आहे?"

म्हणजे ६. आजींच्या दुप्पट, आणि वयानं पंधरा वर्षांनी लहान.

पुढचं बहुतेक ठरल्यासारखंच झालं. फिजिओला बोलावलं, जेवण खुर्चीतच द्या म्हणून बजावलं, तरी रात्री पडू नयेत म्हणून कुणीतरी डायपर लावलं. डायपर लागलं की बाथरूमपर्यंतची दहा पावलंही जातात. दहा दिवस खाटेवर पडून राहिलं, तर धडधाकट म्हाताऱ्यांच्याही पायांतलं जवळपास किलोभर मांस जातं. इथं मुळात होतंच किती? दुसऱ्या रात्री त्यांना भ्रम झाला, सलाइन उपसून टाकलं. खिचडीचे दोन चमचे खायचे आणि तोंड फिरवायचे. ताप चौथ्या दिवशी गेला, ऑक्सिजन सुटला. घरी गेले अकराव्या दिवशी, स्ट्रेचरवरून.

आजी आयसीयूत तीन दिवस होत्या. तेही सोपं गेलं नाही. एका रात्री श्वासाची नळी घालायची तयारी करून ठेवली होती. पण भानावर आल्या आणि पहिली तक्रार दवाखान्याच्या वरणाची. "सांबार काहून नाही टाकत हे लोक? स्वस्त झालाय ना आता." सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. आठव्या दिवशी भिंतीला हात लावत लिफ्टपर्यंत चालत गेल्या. त्यानंतर महिनाभर तरी बाजारात बसल्या नाहीत, असं मुलगा सांगत होता.

काका तीन आठवड्यांनी फॉलोअपला आले, व्हीलचेअरवर. एक्स-रे स्वच्छ. फ्लूच्या हिशेबानं पेशंट बरा. काकूंनी रिपोर्ट पिशवीत नीट घडी करून ठेवले. मी पायांची ताकद बघायला खाली वाकले, तर त्या घाईघाईनं म्हणाल्या, "पँट सोडलीच जी आता. लुंगी बरी पडते."