हो, घेतलं होतं इंजेक्शन

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर, लिफ्टमध्ये, परवा तर लग्नाच्या पंगतीत, हातात जिलबीचं ताट असताना: "इंजेक्शन घेऊनच उतरवलंस ना वजन?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच लिहून टाकतो. घेतलं होतं. पण वजन त्याने नाही उतरलं. ते आधीच उतरलं होतं, 4 महिन्यांत 18 किलो, दिवसाला 800 कॅलरींवर. इंजेक्शन नंतरचं, आणि तेही ग्रोथ हार्मोनचं, म्हणजे शरीराची वाढ घडवणाऱ्या हार्मोनचं.

जुलैतली रात्र. आई न्हाणीघरात पडली. हाड मोडलं नव्हतं, पण उठता येईना. आई जेमतेम 45 किलोची. जाडा होतो तेव्हा याच बाईला तापात उचलून चाळीचे तीन जिने उतरलो होतो. आता काखेत हात घातले, जोर केला, ती अर्धवट उठली आणि माझ्या मांड्याच लटपटल्या. पुन्हा केला. पुन्हा खाली. तिची पाठ ओल्या फरशीवर घासली. "राहू दे रे, शेजारच्या पोराला हाक मार," म्हणाली. चिडून म्हणाली असती तर चाललं असतं. तो बनियनवरच आला, एका दमात तिला उचलून पलंगावर ठेवलं. मी काय केलं? नळ बंद केला.

दुसऱ्याच आठवड्यात जिममधल्या ट्रेनरने ग्रोथ हार्मोनची कुपी आणून दिली. उपाशी शरीर चरबीबरोबर स्नायूही खातं, हे चरबी जाळतं आणि प्रथिनं वाचवतं, म्हणाला. थाप नव्हती. 1980च्या दशकात अमेरिकेत लठ्ठ माणसांना कमी जेवणावर ठेवून हे टोचून पाहिलंय, शरीरातून नायट्रोजन कमी गेला, म्हणजे प्रथिनं कमी मोडली. मात्र काही आठवड्यांत तो परिणाम ओसरला, आणि काट्यावर वजनही काही जास्त उतरलं नाही. हे त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, उगाच त्याच्यावर कशाला ढकलू?

कुपी फ्रीजच्या दारात, आईच्या इन्सुलिनशेजारी. हिला वाटलं, आईचंच काहीतरी.

सहाव्या आठवड्यात जिमच्या मशीनने 2 किलो स्नायू वाढल्याचा कागद दिला. मी तो पाकिटात घालून फिरलो! त्याच आठवड्यात लग्नाची अंगठी साबण लावूनही निघेना, पहाटे बोटांना मुंग्या येत, लोकलमध्ये वरची कडी धरली की हात बधिर. डॉक्टरांनी नडगीवर अंगठा दाबला. खळगा तसाच राहिला. "हे पाणी आहे. मशीनला पाणी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही." उपाशीपोटी साखर 94 वरून 117. हे हार्मोन इन्सुलिनच्या कामात आडवं येतं. घरात मधुमेह असलेल्या माणसाने हे करावं? ज्यांच्या शरीरात ते बनतच नाही त्यांच्यासाठी असतं हे, वगैरे बरंच ऐकून घेतलं.

बंद केलं. आता अंडी, उसळी, पनीर, आठवड्यातून तीनदा वजनं. ते तुम्हाला पाठ आहे.

800 ऐवजी 1200 वर राहिलो असतो तर? मांड्या कदाचित राहिल्या असत्या. पण एवढ्या हळू उतरणाऱ्या काट्यावर मी टिकलो असतो का? नसतो, मला मी माहीत आहे. त्या वेळच्या मला मूर्ख म्हणा, माझ्याच्याने म्हणवत नाही. नळ बंद करून आलेला माणूस होता तो.

आई त्या पोराला अजून बेसनाचे लाडू देते. मला विचारत नाही. "तुझं डाएट ना?"